ताटलीवर पडलेली अर्धी गोळी

मित्रांनो, मला पाहून बहुतेक जण विचारतात, "ही कसली ताटली? हिच्यात धड बिस्किटंसुद्धा मावायची नाहीत." मावू नयेतच! मी खाण्यापिण्याची ताटली नाही. मी औषधाच्या गोळ्या मोजणारी, पोलादी, चौकोनी, वयाने जुनी आणि अजून नोकरीत असलेली ताटली आहे. माझ्या डाव्या कडेला झाकणाची एक पन्हळ आहे. पट्टीने पाच-पाच गोळ्या त्या पन्हळीत सरकवायच्या, झाकण लावायचं आणि मला तिरकं करून त्या बाटलीत ओतायच्या. एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामात मी एकदा असा पराक्रम केला आहे, की तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म पत्रे ठोकणाऱ्या एका कारखान्यात झाला. दाबयंत्राखाली मी जाताना कारागिराला शिंक आली आणि माझा एक कोपरा कायमचा वाकडा झाला. त्याच्या मुकादमाने मला भंगारात टाकायला सांगितलं होतं. कारागीर म्हणाला, "कोपरा वाकडा आहे, तळ तर सपाट आहे ना? गोळी काय कोपऱ्यावर मोजतात?" त्या भल्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याच्यामुळे मी तुमच्याशी बोलते आहे.

मी गेले एका औषधाच्या दुकानात. दुकानदार उंच, सावकाश बोलणारा आणि कमालीचा काटेकोर होता. तेव्हा गोळ्या मोठ्या बरण्यांतून सुट्या यायच्या, त्यामुळे दिवसभर माझी पाठ टेकायची नाही. दुकानदाराची मुलगी शाळेतून आली की फळीवर चढून बसायची आणि माझ्यावर मोजणी शिकायची. पाच, दहा, पंधरा, वीस. एकदा तिने एकोणतीस गोळ्यांना तीस म्हटलं. वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "एकच तर कमी आहे, बाबा."

वडील रागावले नाहीत. त्यांनी सगळ्या गोळ्या परत माझ्यावर ओतल्या आणि म्हणाले, "ताटलीवर जे पडलं तेच कागदावर जायचं. आपल्याला काय हवं होतं, ते नाही."

मुलीने पुन्हा मोजल्या. एकोणतीसच निघाल्या. हे वाक्य तिने जन्मभर गाठीशी बांधलं आणि मीही बांधलं.

मग चंदेरी कागदाच्या पाकिटांत बंद गोळ्या आल्या आणि माझे दिवस फिरले. मोजायचं काही उरलंच नाही. मित्रांनो, सांगताना लाज वाटते, पण पुढची अकरा वर्षं मी दुकानात फुलझाडाच्या कुंडीखाली काढली. वरून पाणी गळायचं, अंगावर मातीचा गोल वळ उठला होता. माझी सखी पट्टी तर रंगाचा डबा ढवळायला गेली आणि कायमची निळी होऊन परतली. दुकान बंद झालं त्या दिवशी ती मुलगी, आता चांगली मोठी झालेली, आवराआवर करायला आली. तिने कुंडी उचलली, मला पाहिलं आणि खाली बसून पदराने पुसू लागली. दोघींनाही भरून आलं. तिला रडता आलं, मला आलं नाही.

ती एका मोठ्या इस्पितळात औषधविभागात काम करत होती. तिने मला निळ्या पट्टीसकट तिथे नेलं, उकळत्या पाण्याने आणि साबणाने चकचकीत केलं आणि आपल्या खिडकीपाशी ठेवलं. ती पुटपुटत मोजायची, "पाच, दहा, पंधरा," म्हणून रुग्ण तिला पाचताई म्हणायचे. खिडकीसमोर एक लांब बाक होता. बाकावर कोण बसलं, कोण कुणाशी काय बोललं, सगळं मला दिसायचं आणि ऐकू यायचं. ताटलीला काम नसतं तेव्हा ती दुसरं करणार तरी काय?

तिथेच ते मोठं संशोधन सुरू झालं. सोप्या शब्दांत सांगते. त्वचेचा एक कर्करोग असतो, चालीने संथ पण चिकट. अंगावर लाल, खवल्यांचे चट्टे उठतात. खाज अशी की माणसाला दोन घास सुखाने खाता येत नाहीत. कातडीला भेगा पडतात आणि भेगांतून जंतू आत शिरतात. मोठ्या डॉक्टरीणबाईंना बऱ्याच वर्षांपासून शंका होती, की हे जंतू नुसते आगंतुक नाहीत, ते आजारालाच चिथावणी देतात. मग जंतूंना आवरणारं एखादं जुनं, साधं प्रतिजैविक रोज दिलं, तर रुग्णाला आराम पडेल का? पडेल असं त्यांना वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं.

दाखवून देण्याची रीत अशी. चाळीस रुग्ण घ्यायचे. सगळ्यांची नेहमीची मलमं आणि उपचार चालूच ठेवायचे. त्याच्या जोडीला सहा महिने निम्म्यांना रोज एक खरी गोळी द्यायची आणि निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच, पिवळ्या वेष्टणाची, पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे रुग्णाला माहीत नाही, पाचताईला नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही. यादी दुसऱ्या इमारतीत, आकडेवाल्या सरांच्या कुलपात. कारण माणसाचं मन मोठं आशाळभूत असतं. खरं औषध मिळतंय असं कळलं की अर्धा आजार नुसत्या कळण्यानेच पळाल्यासारखा वाटतो.

दर चौथ्या मंगळवारी रुग्ण यायचा. बाटलीत तीस गोळ्या, दिवस अठ्ठावीस, म्हणजे परत येताना दोन उरायला हव्यात. उरलेल्या गोळ्या माझ्यावर ओतून मोजायच्या. कुणाच्या पाच निघत, कुणाच्या नऊ. एका गृहस्थांच्या बाटलीतून तर एकतीस निघाल्या, कारण त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्याही त्यातच ठेवल्या होत्या.

फक्त दोघांचं मोजमाप कधी चुकायचं नाही. एक होते शिंपीकाका. सत्तरीचे, पाठीवर आणि दंडांवर चट्टे, गळ्यात अजूनही मापाची फीत. दुसरी बसमावशी. ती शहराची बस चालवायची. तिच्या दोन्ही तळहातांवर भेगा होत्या, म्हणून ती सुती हातमोजे घालून चाक धरायची. दोघांची वेळ एकच असायची, बाकावर जागा शेजारी आणि टोमणे अखंड.

"काका, तुमच्या फितीने माझी बस मोजून द्या हो, वळणावर अडकते."

"बस बरोबर आहे, मावशी. वळण तेवढं उसवून घ्या."

दोघांच्या बाटल्यांत महिन्याला नेमक्या दोन गोळ्या. पाचताई खूश. पण मी? मी अस्वस्थ. कारण या दोघांच्या गोळ्या ओतल्या की माझ्या अंगावर पांढरी पूड पडायची. अगदी चिमूटभर. वेष्टणाच्या गोळीला पूड कुठून येणार? पाचताईला वाटायचं, बाटली हिंदकळली असेल, आणि ती फडक्याने पुसून टाकायची. मी कळवळून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही, पन्हळ आहे.

तिसऱ्या महिन्यात आमच्या खिडकीत एक नवा साहेब आला. गोळ्या मोजायचं यंत्र! वरून ओता, आत दिवा लुकलुकतो आणि क्षणात आकडा येतो. शिवाय ते आपली चिठ्ठीही आपणच छापतं. सगळ्यांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि मला वरच्या फळीवर ठेवलं. मला कुंडीचे दिवस आठवले.

त्याच सकाळी डॉक्टरीणबाई खिडकीपाशी आल्या. चेहरा ओढलेला. "पाचताई, चाळिसातले चार गळाले. दोघांना मळमळ, एक जण परगावी गेला, एकीने कंटाळून सोडलं. राहिले छत्तीस. छत्तीसपेक्षा एक जरी कमी झाला तर या आकड्यांना काही अर्थ राहणार नाही. तीन वर्षांची मेहनत आहे हो."

"नाही गळणार कुणी," पाचताई म्हणाली.

तासाभराने शिंपीकाकांची बाटली आली. साहेबांनी गिळली, दिवा लुकलुकला, चिठ्ठी बाहेर आली. तीन.

पाचताई थबकली. काका आणि तीन? एक दिवस चुकला? होतं असं, काही बिघडत नाही, एक दिवस चालतो. चिठ्ठी डकवून मोकळं व्हायचं. पण तिला काकांवर यंत्रापेक्षा जास्त भरवसा होता. तिने हात वर केला आणि मला खाली घेतलं. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या एका क्षणासाठी होतं!

तिने गोळ्या माझ्यावर ओतल्या. एक पिवळी, दोन पिवळ्या आणि टक्कन आवाज करत एक अर्धी. साहेबांच्या लेखी तुकडाही एक आणि गोळीही एक. माझ्या तळावर मात्र अर्धी ती अर्धीच. तिची कड अशी सरळ कापलेली, की सुरीचं काम नव्हेच. आणि भोवती पांढरी पूड.

पाचताईने ती पूड बोटावर घेतली. तिला मागचे दोन महिने आठवले असणार, कारण तिचा चेहरा उतरला. तिने खिडकीतून हाक मारली, "काका, जरा या. मावशी, तुम्हीपण."

दोघं आली. तिने अर्धी गोळी दाखवली. काकांनी ती चिमटीत धरून निरखली आणि अभिमानाने म्हणाले, "काज कापायची पाती आहे माझी. बघा, रेष हलली नाही."

"पण कापली कशाला, काका?"

काकांनी अर्धी गोळी परत माझ्यावर ठेवली. मावशीच पुढे झाली. "मी सांगते. पहिल्या दिवशी आम्हाला कळलं की निम्म्यांना खरी, निम्म्यांना खोटी. आता आमच्यात खरी कुणाला, देव जाणे. काका म्हणाले, एकाने बरं व्हायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं, हे काय बरोबर नाही. म्हणून बाटल्या मिळाल्या की आम्ही खाली उपाहारगृहात बसतो. परत आणायच्या दोन सोडून काका बाकी सगळ्या गोळ्या अर्ध्या करतात. माझ्या अर्ध्या त्यांना, त्यांच्या अर्ध्या मला. रोज दोघांतलं एकेक अर्धं घ्यायचं. आपलं बाटलीत, दुसऱ्याचं बटणांच्या डबीत."

"आणि ही उरली कशी?"

"एक दिवस डबीतल्याच दोन घेतल्या वाटतं," काका ओशाळून म्हणाले. "चष्मा नव्हता."

पाचताईला हसावं की रडावं कळेना. तिने दोघांना आत बोलावून बसवलं. "काका, तुम्ही मनाने केलंत ते चांगलंच केलंत. पण तुमच्यातल्या एकाचीच गोळी खरी असली, तर आता तुम्हाला अर्धं औषध, मावशींनाही अर्धं. अर्ध्याने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. आणि तुम्हाला बरं वाटलं काय नि नाही वाटलं काय, आम्ही त्यावरून काय ठरवायचं? तुमच्यामागून येणाऱ्यांना काय सांगायचं?"

काकांनी गळ्यातली फीत बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "कळलं. दोन गिऱ्हाइकांच्या मापांची सरासरी काढून मी दोन कोट शिवले. आता दोन्ही कुणालाच बसणार नाहीत." त्यांचे डोळे भरले. "ताई, आमच्यामुळे सगळं बुडालं का?"

पाचताईने दोघांना दारापर्यंत पोचवलं. ती दोघं गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. एका हातात यंत्राची चिठ्ठी, त्यावर तीन. माझ्यावर अडीच. चिठ्ठी डकवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. छत्तीसचे छत्तीस राहिले असते. मी तिला लहानपणापासून ओळखते, तरी त्या वेळी माझाही जीव टांगणीला लागला होता. तिने चिठ्ठीचे दोन तुकडे केले, मला तसंच, पुडीसकट उचललं आणि तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे चौतीस."

"हो."

"तुम्ही बोलला नसतात तर मला कधीच कळलं नसतं."

"नसतंच कळलं."

"मग बोललात का?"

पाचताईने मला पुढे सरकवलं. "हिच्यावर अडीच पडल्या म्हणून."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. वाटलं, आता उचलून भिरकावतात. पण त्या उठल्या, पाचताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चला, समितीपुढे जाऊ."

रुग्णांच्या हिताची काळजी वाहणारी एक समिती होती. सात माणसं, सातांच्या सात तऱ्हा. टेबलाच्या मधोमध मला ठेवलं होतं. आकडेवाले सर आधी चिडले, मग पूड पाहून विचारात पडले. म्हणाले, "आम्ही लाख कुलपं लावू. पण माणसं घाबरली की वाटून घेणारच. त्यांना कशाची भीती वाटली, ते आधी बघा." आणि तिथे तीन गोष्टी ठरल्या. जे घडलं ते लपवाछपवी न करता लिहायचं. नवे सहा रुग्ण घ्यायला मुभा द्यायची. आणि औषध उपयोगी ठरलं, तर ज्यांच्या वाट्याला खोटी गोळी आली त्या प्रत्येकाला शेवटी खरी द्यायची. ही तिसरी गोष्ट आधी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती! दोन वेड्या माणसांच्या अर्ध्या गोळ्यांनी ती आणली.

नवे सहा मिळणार कुठून? तेही त्या दोघांनीच बघितलं. दर मंगळवारी काका आणि मावशी चट्ट्यांवर किरण देणाऱ्या प्रकाशोपचाराच्या खोलीबाहेर ठाण मांडून बसू लागले. काका लोकांना आपली काज कापायची पाती दाखवायचे आणि म्हणायचे, "या शहाण्याने केला तो घोळ तुम्ही करू नका. आपली बाटली, आपली गोळी." मावशी तर गाडीत प्रवासी भरावेत तशी माणसं पुढे सरकवायची. सहा हवे होते, नऊ आले.

काका आणि मावशी मूळ आकड्यातून गळाले, तरी त्यांची नोंद वेगळ्या पानावर व्हायची होती, म्हणून त्यांनाही उरलेले तीन महिने यायचंच होतं, आता आपापली अख्खी गोळी घेऊन. त्यांची पहिली बाटली माझ्यावर ओतली तेव्हा मी श्वास रोखून होते. दोन गोळ्या. पूड नाही. पाचताईने माझा वाकडा कोपरा हळूच थोपटला.

पण खरी परीक्षा पुढे होती. काकांचे चट्टे फिकट होऊ लागले. खाज उतरली, गडी बाकावर बसून शीळ घालू लागला. मावशीचे हात मात्र होते तसेच, उलट थोडे जास्तच. हातमोज्यांवर लाल ठिपके दिसायचे. कुणाला काय मिळतंय, हे यादी न उघडताही दोघांना दिसत होतं. एका मंगळवारी काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपली नवी बाटली गुपचूप मावशीच्या बाजूला सरकवली. मी बघत होते. पाचताईनेही बघितलं आणि तिचा हात पट्टीवरच थांबला.

मावशीने बाटली हातात घेतली. क्षणभर धरली. मग परत काकांच्या मांडीवर ठेवली.

"तुमचं माप तुम्हाला, काका. माझं मला. मागच्या माणसांना रस्ता दाखवायचाय ना? मग मी मध्येच गाडी वळवणार नाही."

काकांनी मान खाली घातली. मित्रांनो, औषधं मोजण्यात माझा जन्म गेला, पण एवढं वजनदार काही माझ्यासमोर कधी आलं नव्हतं.

शेवटच्या नव्या रुग्णाचा सहावा महिना संपला आणि दुसऱ्या इमारतीतलं कुलूप उघडलं. आकडेवाले सर कागद घेऊन जवळजवळ धावत आले. खरी गोळी मिळालेल्यांची खाज निम्म्याहून कमी झाली होती, भेगांतले जंतू हटले होते, चट्टे मऊ पडले होते. खोटी मिळालेल्यांत तसा फरक नव्हता. "आजार मुळापासून गेलेला नाही," डॉक्टरीणबाई तीनतीनदा सांगत होत्या, "पण आराम आहे, आणि हा आराम आता आपण दाखवून दिलाय." असं म्हणता म्हणता त्याच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू लागल्या. अख्खा विभाग खिडकीपाशी जमला होता. साहेबांनीही एकदा दिवा लुकलुकवला, असं मला वाटलं. आता आमचं बरं जमतं. घाऊक मोजणी त्यांची, परत आलेल्या बाटल्या माझ्या.

यादीत काकांपुढे खरी होती, मावशीपुढे खोटी. ऐकून मावशी खो खो हसत सुटली. "म्हणजे तीन महिने तुम्ही मला अर्धं औषध देत होता, आणि मी तुम्हाला अर्धा खडू!"

"खडूच तो. पण आम्हा शिंप्यांना खडूशिवाय चालत नाही," काका डोळे पुसत म्हणाले.

त्याच दुपारी मावशीची पहिली खरी बाटली पाचताईने माझ्यावर भरली. पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस. सगळे मोठ्याने मोजत होते.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. माझी एकच विनंती आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी मापात घ्या, पूर्ण घ्या. मायेपोटीसुद्धा ती दुसऱ्याला वाटू नका. आणि समोर जे पडेल ते तसंच सांगा, मग ते अर्धं का असेना. जुन्या ताटल्यांना कुंडीखाली ठेवू नका, हेही आलंच.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. खऱ्या गोळीच्या तिसऱ्या महिन्यात मावशी आली तेव्हा तिच्या हातांत हातमोजे नव्हते. बाटली तिने स्वतःच माझ्यावर ओतली. दोन गोळ्या निघाल्या. मग तिने आपला उघडा तळहात माझ्या गार पोलादावर पालथा ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यावर भेग नव्हती. पाचताईने निळी पट्टी उचलली, तिच्या बोटांना हलकेच टेकवली आणि मोजलं, "पाच."

मावशीने दुसरा हात ठेवला.

"दहा."